बोळासमोरचा आरसा

मी एक जुना आरसा आहे. आरसा म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे कंगवा आणि पावडरचा डबा येईल, पण मित्रांनो, माझ्यात पाहून आजवर कोणी भांग पाडलेला नाही. माझ्याकडे पाहणाऱ्याला स्वतःचे तोंड बघायचे नसते, कोणती गाडी येते आहे ते बघायचे असते. मी हातभर उंच आणि वीतभर रुंद आहे. मला एका वेळी रस्त्याची एकच बाजू दिसते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ते विसरल्यामुळेच पुढचे सगळे घडले.

काचेच्या कारखान्यात मला कापले, पाठीला चकचकीत लेप दिला, काळ्या चौकटीत बसवले आणि एका बसच्या कानाशी लावले. आमचा ड्रायव्हर जाडजूड आणि तापट होता. रोज सकाळी तो आधी माझे तोंड पुसायचा आणि मग त्याच फडक्याने स्वतःचे. मला ते आवडत नसे, पण त्याच्या मायेत खोट नव्हती. अकरा वर्षे मी त्याला मागचे दाखवले. मग बस भंगारात निघाली. तिचे पत्रे वेगळे झाले, चाके वेगळी झाली आणि मी लोखंडाच्या ढिगावर आकाश बघत पडून राहिलो.

तिथून मला वेल्डरकाकांनी उचलले. त्यांचे वर्कशॉप एका अरुंद बोळाच्या तोंडावर आहे. बोळाच्या एका बाजूला कोल्ड स्टोरेजची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला काकांची पत्र्याची शेड. त्यामुळे नाक बाहेर आल्याशिवाय रस्ता दिसत नाही. समोरून सर्व्हिस रोड जातो, त्यापलीकडे अरुंद दुभाजक आणि मग अष्टौप्रहर वाहणारा हायवे. सर्व्हिस रोडवर गाड्या फक्त उजवीकडून येत. बोळाच्या आतल्या टोकाला काकांच्या सुनेची लॉन्ड्री आहे. हॉस्पिटलच्या चादरी तिथे धुतल्या जातात आणि रोज सकाळी सहा चाळीसला ती स्वतः तीनचाकी गाडी मारत त्या पोचवायला निघते. एकदा एक व्हॅन तिच्या पुढच्या चाकाला घासून गेली. चाक वाकले, तिला काही झाले नाही, पण काकांनी दिवसभर दुसरे काम हाती घेतले नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी बोळासमोरच्या दुभाजकात एक पाइप रोवला आणि मला त्यावर बसवून उजवीकडे वळवले.

"सूनबाई, आता घाबरायचं नाही. वर बघायचं, रस्ता मोकळा दिसला की निघायचं," ते म्हणाले.

"हो मामंजी," ती म्हणाली, आणि तिने तसेच केले. सगळ्या बोळाने तसेच केले.

नऊ वर्षे झाली, कोणाला खरचटले नाही. खोटे कशाला बोलू, मला थोडा गर्व चढला होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे लोक म्हणतात. बोळातल्या लोकांना मात्र माझ्यावाचून पाऊल टाकवत नसे. आमची सूनबाई तर आठवड्यातून एकदा गाडीवर चढून मला पुसायची, तेही स्वच्छ फडक्याने.

मग एके दिवशी तीन पायांच्या दुर्बिणी घेऊन माणसे आली. हायवेवरची गर्दी हाताबाहेर गेली होती, म्हणून बससाठी वेगळी लेन होणार होती. ती माणसे झाडांवर, खांबांवर, कट्ट्यांवर पिवळे आकडे घालत गेली. ज्याच्यावर आकडा पडला ते महिन्याभरात नाहीसे झाले. माझ्यावर आकडा पडला नाही. मी वाचलो असे मला वाटले, पण खरे तर मी त्यांच्या नकाशातच नव्हतो.

इंजिनिअर मॅडम एकदा माझ्याखाली थांबल्या. "हा आरसा कोणाचा?"

"लोकांनी लावलाय मॅडम," मुकादम म्हणाला.

"मग आता काढा. काम झालं की जसा होता तसा परत लावा. लोकांची तक्रार यायला नको."

तो मुकादम कामात फार चोख होता. कोणतीही वस्तू काढण्याआधी तो तिच्यावर लाल रंगाने खूण करायचा. एक रेघ वस्तूवर आणि तिला जुळणारी दुसरी जागेवर. परत बसवताना दोन रेघा एक झाल्या की काम फत्ते. मजूर त्याची चेष्टा करायचे, हा जेवणाचा डबासुद्धा खूण करून उघडतो म्हणायचे. पण त्याने लावलेली कोणतीच वस्तू वाकडी बसत नसे. त्याने पाइपवर आणि माझ्या पकडीवर रेघ ओढली, मला गोणपाटात गुंडाळले आणि पत्र्याच्या खोलीत ठेवले.

सात महिने मी अंधारात होतो. बाहेर ड्रिल चाले, डांबराचा वास येई, आणि भिंत सारखी हादरत असे.

शेवटी गोणपाट सुटले. मुकादमाने मला पाइपवर चढवले, बोल्ट आवळता आवळता डोळा बारीक केला, केसभर डावीकडे घेतले, केसभर उजवीकडे. मग खाली उतरून लांबून पाहिले.

"खुणेवर खूण," तो म्हणाला, आणि त्याला मनापासून आनंद झाला. काकांनी त्याला चहा पाजला.

मी समोर पाहिले. सर्व्हिस रोड राहिलाच नव्हता. तिथे गुळगुळीत, लालसर रंगवलेली बसची लेन होती आणि हायवेवर जायला दुभाजकात, माझ्या पायाशी, एक फट ठेवली होती. उजवीकडची लेन रिकामी होती. तासभर पाहिले तरी रिकामीच होती. माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतका रिकामा रस्ता पाहिला नव्हता, आणि मला तो आवडला नाही.

थोड्या वेळाने मला एक बस दिसली. तिची पाठ दिसली. ती लांब लांब जात होती.

मित्रांनो, तेव्हा माझ्या ध्यानात आले. नव्या लेनमध्ये बस डावीकडून येत होत्या, हायवेच्या उलट दिशेने. मी मात्र जसा होतो तसाच उजवीकडे तोंड करून उभा होतो. येणारी बस मला दिसतच नव्हती. दिसायची ती निघून गेलेली. शिवाय या बस विजेवर चालणाऱ्या, आवाज जवळजवळ नाहीच. मी जन्माने बसचा आरसा, पण तिची चाहूल मलाही लागत नव्हती.

लेनने लोकांचे भले केले, हेही सांगायला हवे. हॉस्पिटलच्या नर्सना यायला तास लागे, आता त्या वीस मिनिटांत पोचत. पहिले पंधरा दिवस झेंडेवाले उभे होते, बस आली की शिट्टी मारायचे. सोळाव्या दिवशी ते पुढच्या चौकात गेले.

बस डावीकडून येते हे बोळात सगळ्यांना माहीत होते. पण ते डोक्याला माहीत होते, मानेला नव्हते. मान नऊ वर्षांच्या सवयीने वर व्हायची, डोळे माझ्यात पाहायचे, आणि माझ्यात रस्ता मोकळा.

"मामंजी, हल्ली थांबावंच लागत नाही," सूनबाई एकदा म्हणाली. "कधीही बघा, रस्ता रिकामा."

"बरं झालं की," काका म्हणाले.

आधी फ्रिज दुरुस्त करणारा वाचला. त्याच्या मोटारसायकलपासून हातभर अंतरावर बस थांबली आणि आतले उतारू एकमेकांवर आदळले. बोळातले लोक ड्रायव्हरला बोलले. नवशिका आहे, म्हणाले. मग बोळातली कुत्री बसखाली गेली. ती रोज सूनबाईच्या गाडीमागून पलीकडे जायची, त्या दिवशी चार पावले मागे राहिली. लोक हळहळले आणि कामाला लागले. काका मात्र बराच वेळ रस्त्याकडे बघत बसले. मुकादम जवळच फुटपाथच्या लाद्या बसवत होता, त्याला त्यांनी हाक मारली.

"आरसा हलला तर नाही ना रे? मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय."

मुकादम लगेच शिडी घेऊन आला. त्याने माझी पकड पाहिली, बोट फिरवले. "काका, या बघा. रेघेला रेघ जुळलीय. सुतभर हलला असेल तर मिशी काढून देईन."

काका स्वतः शिडीवर चढले. त्यांनी चष्मा पुसून दोन्ही रेघा पाहिल्या. रेघा जुळत होत्या. ते समाधानाने खाली उतरले. दोघेही माझ्या इतक्या जवळ होते की त्यांचे श्वास माझ्या काचेवर उमटले. माझ्यात काय दिसते आहे ते दोघांपैकी एकानेही पाहिले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहा चाळीसला सूनबाई निघाली. गाडीत पांढऱ्या चादरींचे चार गठ्ठे होते. बोळाच्या तोंडाशी तिने पायडल थांबवले, वर पाहिले. तिचा चेहरा मला स्पष्ट दिसला. त्यात काळजीचा लवलेश नव्हता. मी तिला रिकामा रस्ता दाखवला. तो खरोखरच रिकामा होता. तिने पायडल मारले.

मी ओरडू शकत नाही. आरशाला तोंड असते ते दुसऱ्याचे.

बसच्या ड्रायव्हरने ब्रेक दाबला तोवर सूनबाईची गाडी आडवी झाली होती. चादरी लाल लेनवर पसरल्या. काका शेडमधून धावत आले, तेव्हा त्यांच्या हातात वेल्डिंगचा पेटता टॉर्च तसाच होता आणि शेजाऱ्याने तो काढून घेईपर्यंत त्यांना ते कळले नाही. ड्रायव्हर फुटपाथवर बसून सगळ्यांना एकच सांगत होता, "ती वर बघत होती हो. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही."

ती वाचली. ज्या हॉस्पिटलच्या चादरी ती धूत होती, त्याच हॉस्पिटलात चार महिने राहिली. खुब्याचे हाड जुळले, पण डावा पाय आखूड झाला. लॉन्ड्रीची गाडी आता दुसरे कोणी तरी चालवते.

अपघात झाला त्याच संध्याकाळी मुकादम आला आणि वर्कशॉपच्या पायरीवर बसला. त्याच्या कपड्यांवर सिमेंट होते.

"काका, मी खूण बरोबर केली होती."

"बरोबरच होती," काका म्हणाले. "मी पण चढून बघितली ना."

काकांनी शिडी लावली, घासकागदाने दोन्ही लाल रेघा खरवडून काढल्या आणि मला डावीकडे वळवले. तेव्हा प्रथमच येणारी बस मला समोरून दिसली. तिच्या कानाशी आरसा नव्हता, तिथे छोटा कॅमेरा होता.

आता तुम्ही म्हणाल, चला, सुटलो. मलाही महिनाभर तसेच वाटले. पण मोकळी लेन पाहून मोटारसायकलवाले तिच्यात घुसू लागले आहेत. हायवेवरून वळतात आणि सुसाट येतात, तेही उजवीकडून. ते मला दिसत नाहीत. काकांनी दुसऱ्या आरशासाठी अर्ज केला आहे. नकाशात पहिलाच आरसा नाही, तर दुसरा कसा मंजूर करायचा, असा प्रश्न निघाला आहे. काका स्वतः दुसरा पाइप रोवायला गेले, तर त्यांना नव्या दुभाजकाला हात लावायची मनाई झाली.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागणे आहे. मला पुसत जा, माझी काच धुळीने अंधूक होत चालली आहे. पण पुसताना माझ्यात काय दिसते तेही बघत जा. मी कोणत्या रस्त्यासाठी लावलेला होतो आणि आता समोर कोणता रस्ता आहे, हे विचारत जा. मी खोटे कधीच बोललो नाही, पण मी अर्धेच सांगतो.

काल सूनबाई काठी टेकत बोळाच्या तोंडाशी आली. तिने माझ्याकडे पाहिलेच नाही. काठी घट्ट धरून तिने आधी उजवीकडे वाकून पाहिले, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. एक मोटारसायकल सणसणत गेली. ती गेल्यावर सूनबाई हळूहळू पलीकडे आली आणि माझ्या पाइपला हात लावून दम खात उभी राहिली. इतकी वर्षे लोकांनी माझ्याकडे पाहावे म्हणून मी जीव टाकत होतो. काल तिने पाहिले नाही, आणि मला बरे वाटले.

तेवढ्यात तिच्या मागून बोळातला एक नवा भाडेकरू स्कूटरवर आला. मागे त्याची मुलगी बसली होती, पाठीला दप्तर होते.

"बाबा, थांबा ना, बघू द्या."

"अगं आरसा आहे की," तो म्हणाला. त्याने वर पाहिले, माझ्यात लेन मोकळी होती, आणि त्याने गाडी पुढे घातली.