हातभर अंतरावरचा थेंब

पांढऱ्या टाइलवर देणाऱ्याच्या रक्ताचा आणि रोग्याच्या सीरमचा, म्हणजे रक्तातल्या पिवळसर पाण्याचा, थेंब काडीने मिसळला आणि टाइल हलकेच डुलवत राहिलं, की दोनपैकी एक होतं. थेंब एकजीव राहतो, म्हणजे रक्त जुळलं; नाहीतर त्यात लाल रव्यासारखे कण उठतात, म्हणजे जुळलं नाही. कण उठू लागताना फार बारीक असतात. आधी फक्त थेंबाची कड जराशी खरबरीत होते.

विजयमालाला थेंब एकजीव दिसला होता.

मिरजेच्या त्या इस्पितळात रक्त जुळवून देण्याचं, क्रॉसमॅचचं, काम तिचं एकटीचं होतं. समोरची बाटली आकारामच्या रक्ताची होती. जतहून आणलेल्या त्याच्या बहिणीला, शालूबाईला, पाचव्या बाळंतपणानंतर अंगावरून फार गेलं होतं. दुपारी तिचं ऑपरेशन होतं. दोघांचा रक्तगट एकच निघाला, तेव्हा आकाराम दारातूनच म्हणाला होता, "ताई, तपासायचं काय त्यात? एका आईच्या पोटचं रगत हाय. जुळंल न्हाईतर जाईल कुटं!"

विजयमालाने बाटलीवर 'जुळते' लिहायला पेन उचललं. मग उगीचच, टाइल धुण्याआधी, तिने त्यातला थेंब काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली धरला. स्क्रू फिरवून आपल्या डोळ्याला स्पष्ट दिसेल असं केलं. पेशींचे घोस दिसले. एक नाही, सगळीकडे. गट एक असला, तरी इतक्या बाळंतपणांत बाईच्या रक्तात परक्या रक्ताशी वैर धरणारं काही तयार झालेलं असू शकतं.

तिने पुन्हा टाइलकडे पाहिलं. थेंब तसाच, एकजीव.

हे रक्त आत गेलं असतं, तर टेबलावरच बाईला हुडहुडी भरली असती, लघवी लाल झाली असती आणि पुढचं कुणाच्या हातात राहिलं नसतं. पण त्याहून मोठी भीती मागून आली. शंका आली तरच मायक्रोस्कोप, अशी तिची पद्धत. आज शंका आली नव्हती. मग गेल्या दिवाळीपासून, टाइलवरचं पुसट दिसू लागल्यापासून, ज्या ज्या वेळी शंका आली नाही, त्या वेळी थेंब खरंच एकजीव होता का?

तिने डॉक्टर शिरगुप्प्यांना निरोप पाठवला, हे रक्त चालणार नाही, रक्त द्यायला दुसरा माणूस आणा. का, ते सांगितलं नाही. आकाराम गावच्या माणसांना शोधायला मिरज स्टेशनकडे धावला आणि ती बाजारपेठेतल्या धोंडिरामच्या चष्म्याच्या दुकानात गेली.

धोंडिरामने तिच्या नाकावरचा चष्मा काढून उजेडात धरला. "हा कुणाचा?"

"घरचा."

"घरचा म्हंजे? कंगव्यासारखा? आला-गेला त्यानंच भांग पाडतोय?"

चष्मा नवऱ्याचा होता. नानासो लष्करातून निवृत्त झाले तेव्हा केलेला. चाळिशी लागली म्हणून घरात दुसरा चष्मा कुणी करत नसे. नानासोंचं वर्तमानपत्र वाचून झालं की तो सासूबाईंकडे गहू निवडायला जाई. हल्ली तो विजयमालाच्या पिशवीत असे आणि नानासो रोज विचारत, "आज पेपर मी कुठल्या डोळ्यांनी वाचू?"

"काम किती लांबवर असतं?" धोंडिरामने विचारलं.

"बाटलीचं लेबल हातात. टाइल टेबलावर, हातभर लांब. आणि पलीकडच्या भिंतीशी फ्रीज."

"टाइल जवळ घ्या की."

"वाकलं की माझीच सावली पडते."

त्याने चाचणीची चौकट तिच्या नाकावर चढवली, खाली जवळची काच, वर लांबची. छापील कागद स्वच्छ दिसला. रस्त्यापलीकडची पाटीही. मग त्याने कागद टेबलावर हातभर लांब ठेवला. वरच्या काचेतून अक्षरं पुसट, खालच्या काचेतूनही पुसट, आणि मधे काचेची रेघ.

"दुहेरी चष्म्यात मधलं सापडत न्हाई," तो म्हणाला. "आता बिनरेघेची काच निघाली हाय. वरून खाली नंबर हळूहळू वाढत जातो. मधलंबी दिसंल. पण कडेला बघितलं की जग डुलतं, मान वळवून बघावं लागतं. आणि बुबुळाच्या समोर नीट बसली पायजे, जरा सरकली की फुकट. मुंबईहून मागवायला लागंल."

"कधी येईल?"

"महिना धरा. आल्यावर डोळ्याला सवय व्हायला आणिक पंधरवडा. निस्त्या टाइलपुरता साधा चष्मा पायजे तर परवा देतो. पण लेबल वाचाय दुसरा घालायचा, काढायचा, घालायचा. घाईत कुठला नाकावर हाय ते कळंल का?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही कळणार."

"मग बिनरेघेचाच घ्या. तवर कुणाला तरी शेजारी बसवा."

हेच तिला नको होतं. तिच्या आधी हे काम भामाबाई करत. त्यांना नीट दिसत नाही हे एकदा कळलं आणि त्या तळघरात बँडेजच्या गुंडाळ्या करायला गेल्या, त्या निवृत्त होईपर्यंत तिथेच. इस्पितळांच्या आणि सितारींच्या गावात विज्ञान शिकून मिळवलेलं हे एकच टेबल विजयमालाचं होतं. म्हणून दिवाळीनंतर सांगू, संक्रांतीनंतर सांगू, असं चाललं होतं.

तिने बुबुळांचं माप दिलं आणि परत आली.

डॉक्टर शिरगुप्पे टेबलापाशीच उभे होते. दारात आकाराम आणि त्याने रक्त द्यायला आणलेला गावचा धुळा, दंडावर कापूस दाबून.

"विजयमालाबाई, ह्याचा गट जुळलाय. क्रॉसमॅच करून पटकन सही द्या. पेशंटला आत घेतलंय."

तिने थेंब मिसळले. टाइल डुलवली. हातभर अंतरावर लाल थेंब एकजीव दिसत होता.

"ताई, ह्याचं तरी जुळतंय का?" आकारामने विचारलं. सकाळचा जोर आवाजात नव्हता. "पोरगी लय पांढरी पडलीया."

"झालं का?" डॉक्टर म्हणाले.

तिने काचपट्टी मायक्रोस्कोपखाली ठेवली, पण स्वतः वाकली नाही. खुर्ची मागे सरकवून उभी राहिली.

"डॉक्टर, आधी तुम्ही बघा. टाइलवरचं मला दिसत नाही. नवा चष्मा येऊन डोळ्यांना बसेपर्यंत मी एकटीने जुळवलेलं रक्त कुणालाही चढवायचं नाही."