कुरकुरीची दहा मिनिटं

पिवळ्या चिठ्ठीचा डिंक वाळला होता, म्हणून ती फळ्यावरून सारखी पुढे वाकत होती — अमरेशच्या गिचमिड अक्षरातली, ‘कुरकुर : दहा मिनिटं’. सुकन्यानं अंगठ्यानं दाबली. सुटली.

टॉवेल कारखान्याच्या ईरप्पाशेठचा फोन नुकताच येऊन गेला होता. मागणी तिसऱ्यांदा बदलली. आता त्यांना हजेरीच्या ॲपमध्ये तोच जुना स्क्रीन हवा होता, कामगाराच्या फोटोवर बोट ठेवलं की हजेरी लागणारा — अमरेशनं केलेला, दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच नको म्हटलेला, आणि तिनं... तिनंच त्याला पुसायला लावलेला, त्याच्याकडे न बघता.

पूर्वी रिवाज होता. मागणी बदलली की सगळ्यांनी लॅपटॉप मिटायचे, दहा मिनिटं मनसोक्त चिडायचं, मग कामाला लागायचं. अक्कलकोटचा अमरेश कन्नडमधून शिव्या द्यायचा, गिऱ्हाइकाला कळायला नकोत म्हणून. एकदा ईरप्पाशेठनं दारातूनच कन्नडमधून उत्तर दिलं, तेव्हा शेठसकट सगळे पोट धरून हसले होते. टीमची प्रमुख झाल्यावर सुकन्यानं हे बंद केलं. वेळ वाया जातो. स्क्रीन पुसायच्या दिवशी अमरेश एवढंच म्हणाला होता, “चिडू तरी द्या की, मॅडम.” तिनं विचारलं होतं, संध्याकाळपर्यंत होईल ना? झालं. महिन्यानं तो नोकरी सोडून पुण्याला गेला, आणि त्या कोपऱ्यातून येणारा आवाज, जो तिला कटकट वाटायचा...

तिनं टीममधल्या दोघांना बदल सांगितला. पायल म्हणाली, हो मॅडम. बिभीषण म्हणाला, हो मॅडम. किती शहाणी झाली होती दोघं — शेवटचा महिनाभर अमरेशही असाच नुसता हो म्हणत होता, आणि तिला वाटलं होतं, सुधारला.

“लॅपटॉप मिटा,” ती म्हणाली. “दहा मिनिटं.”

पंखा फिरत राहिला. दोन लॅपटॉप मिटले. पायलनं बिभीषणकडे पाहिलं, मग हळूच म्हणाली, “तुमीच सुरू करा की, मॅडम. आमची सवय मोडली.”

सुकन्यानं तोंड उघडलं. शेठवरच चिडायचं होतं, पण आत कुठं शेठ सापडेनात. चिठ्ठी पुन्हा सुटली, या वेळी तिच्या तळहातावर आली.

“तो स्क्रीन चांगला होता,” ती म्हणाली, आणि आवाज असा कापला की तिलाच ओळखू येईना... तो सावरावा असं मात्र, कितीतरी दिवसांनी, वाटलं नाही.