सदतीसचे चाळीस

माझ्या मनात पाल चुकचुकली ती एका हिरव्या ठिपक्यामुळे.

आमच्या प्रयोगशाळेत टार्डिग्रेड पाळतात. आम्ही त्यांना जलअस्वलं म्हणतो. आठ पायांचा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा जीव. पाणी आटलं की पाय आत ओढून गोळी होऊन पडतो आणि कित्येक वर्षांनी थेंबभर पाणी मिळालं तरी उठून चालायला लागतो. अशा सुक्या गोळ्या मी ऐंशी अंशांच्या ओव्हनमध्ये चोवीस तास ठेवायची, मग पाणी घालायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती जगल्या ते मोजायची. प्रयोग ताईंचा. ताई म्हणजे आमच्या वरिष्ठ. मायक्रोस्कोपला डोळा लावायला मला त्यांनीच शिकवलं. बाकीच्या प्रयोगशाळांत एवढ्या उष्णतेत एखाददुसरं जलअस्वल कसंबसं तगायचं. आमच्याकडे चाळिसातली छत्तीस जगायची.

त्या सकाळी एकाच्या पोटात मला हिरवं दिसलं. सुकवण्याआधी आम्ही त्यांना तीन दिवस उपाशी ठेवतो, पोट काचेसारखं आरपार दिसतं. डिशमध्ये शेवाळाचा कणही नव्हता. मग या पठ्ठ्यानं खाल्लं कुठे?

"ताई, याचं पोट हिरवं दिसतंय."

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "उजेडाचा खेळ असेल. मोज तू पटापट."

ते 'पटापट' काही डोक्यातून जाईना. डिशच्या कपाटाच्या किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे, एक ताईंकडे. आठ वाजता मी पोचायची तेव्हा ताई कधीच आलेल्या असायच्या आणि टेबलावरचा ड्रॉपर ओला असायचा. मी त्यांच्या पर्सकडे बघू लागले, त्यांच्या हसण्याकडेसुद्धा. घरी नवरा म्हणाला, "अगं, मलाही भिंगाखाली घेतल्यासारखी बघतेस हल्ली."

शेवटी मी न करायचं ते केलं. डिशमध्ये सदतीस गोळ्या ठेवल्या आणि रजिस्टरमध्ये चाळीस लिहिल्या.

पाणी घातल्याच्या दुसऱ्या दिवशी डिशमध्ये चाळीस होत्या. तीनदा मोजल्या. पस्तीस चालत होत्या, पाच मेलेल्या. म्हणजे कुणीतरी रजिस्टरमधला आकडा बघून मेलेल्यांच्या जागी जिवंत टाकून डिश भरली होती.

"ताई, मी सदतीसच ठेवल्या होत्या."

त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "पहिल्या वेळी खरंच जगली होती गं. एकतीस. माझ्या डोळ्यांनी मोजली. पुन्हा कधी तसं झालंच नाही. तोवर लेख छापून आला होता. आता कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

मला वाटलं, हेही खोटंच असेल.

मी प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांकडे गेले. सरांनी नव्या गोळ्यांना पाणी घातल्यावर डिशला सील लावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आम्हा तिघांसमोर उघडलं. एका जलअस्वलानं एक पाय हलवल्यासारखं केलं आणि ते थांबलं. बाकी सगळं सामसूम. लेख मागे घेतला गेला. ताई नोकरी सोडून गेल्या. जाताना माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

सर मला म्हणाले, "पण रजिस्टरमध्ये खोटं तूही लिहिलंस." तेव्हापासून मी मोजलं की दुसरी एक तंत्रज्ञ येऊन तीच डिश पुन्हा मोजते. मला तिचा राग येत नाही. पहिले काही दिवस यायचा.

गेल्या महिन्यात नव्या खेपेतली सीलबंद डिश उघडली तर आत हालचाल होती. काहीही न करता मी त्या दुसऱ्या तंत्रज्ञ बाईला हाक मारली. तिनं मोजलं, मी मोजलं, सरांनी मोजलं. एकोणीस. पोटं सगळ्यांची रिकामी. ती का जगली, ते अजून कुणालाच कळलेलं नाही.

दुपारी मी ताईंना फोन लावला.

"ताई, सीलबंद डिशमध्ये एकोणीस जगली."

त्यांनी हळूच विचारलं, "मोजलं कुणी?"