पुडीतली दुनिया

तळेगावात बर्लिनची भिंत पडली ती दोन महिने उशिरा, प्रभाकररावांच्या किराणा दुकानात. त्यांची लेक सपना गुळाची पुडी बांधत होती, तेव्हा रद्दीतल्या पेपरात तिला ती पडलेली दिसली.

प्रभाकरराव रोजचा पेपर घेत नसत. "महिन्याभरानं तोच पेपर रद्दीत येते, मंग दोनदा काऊन घ्या?" असा त्यांचा बिनतोड हिशोब. सपना बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. ती परदेशाच्या बातम्यांचं पान बाजूला काढून आधी वाचायची, मग त्याची पुडी करायची आणि गिऱ्हाइकाला साखरेबरोबर दक्षिण आफ्रिकाही द्यायची. गावात बातमी शिळी म्हणून कोणी नाक मुरडत नसे, कारण ताजी कोणी चाखलेलीच नव्हती. बसस्टँडवरच्या हॉटेलात रोजचा पेपर यायचा, पण तिथं पुरुष बसत. एकूण काय, दुनियेचं आपल्याला सगळं कळतं असं सपनाला वाटू लागलं होतं.

नव्वद सालच्या जुलैअखेरीस जिजाबाई दुकानात आल्या. त्यांचा रुपेश कुवेतला वेल्डर होता, सुटीवर आला होता आणि दोन दिवसांनी परत निघणार होता.

"सपना, बसस्टँडवर लोक म्हणून राह्यले, तिकडं काही गडबड हाय. तू वाचतं ना? पोराले जाऊ देऊ का?"

सपनानं कालच पान वाचलं होतं. "काही नाई मावशी. तेलाच्या भावाची बोलणी चालू हाय. बिनधास्त जाऊ द्या."

रुपेश गेला. ऑगस्टच्या दोन तारखेला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. संध्याकाळी रेडिओवर ते ऐकताच सपना रद्दीच्या गठ्ठ्याकडे धावली. ते पान अजून तिथंच होतं. वर तारीख होती अकरा जून. इतकी पानं वाचली, पण तारीख तिनं कधी पाहिलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती जिजाबाईंच्या घरी गेली आणि उभ्यानंच बोलली, "मावशी, मी सांगतलं ते जूनच्या पेपरातलं होतं."

जिजाबाईंनी विचारलं, "मंग तसं तवाच काऊन नाई बोलली?"

"मले वाटलं, मले सगळं माहीत हाय."

"जाय घरी," जिजाबाई म्हणाल्या. सपना रडत परतली. तिला स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसस्टँडवर गेली. हॉटेलातल्या पुरुषांच्या माना वळल्या, त्या तिनं वळू दिल्या. बसमधून गठ्ठा उतरताच तिनं पेपर विकत घेतला आणि थेट जिजाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसली. जिजाबाईंनी बसायला सांगितलं नाही, ऊठही म्हटलं नाही.

"वाच," त्या शेवटी म्हणाल्या. "पहिले तारीख वाच."

मग हे रोजचंच झालं. आधी तारीख, मग कुवेत. बगदाद, बसरा, अम्मान ही नावं जिजाबाईंच्या तोंडी शेजारच्या आर्वी-कारंज्यासारखी बसली. अम्मानहून विमानं तिकडं अडकलेली आपली माणसं आणू लागली, तेही सपनानं त्याच दिवशी वाचून दाखवलं. रुपेशचं मात्र पत्र नव्हतं, तार नव्हती.

सप्टेंबरच्या शेवटी रुपेश अंगावरच्या कपड्यांनिशी बसमधून उतरला. वाळून काटकी झाला होता, पण धड होता. सपनाला कळलं तेव्हा ती पोत्यांच्या आड जाऊन पोटभर रडली. आता आपलं तिथं काय काम, म्हणून दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर गेली नाही.

दहाच्या सुमारास जिजाबाईच दुकानात आल्या. "आज काऊन नाई आली?"

"रुपेशदादा तर आला ना, मावशी."

"माहा आला. बाकीच्याईचे यायचे राह्यले ना अजून?" त्या पोत्यावर टेकल्या. "वाच. पहिले तारीख."