पान दादाच्या झाडाचं, नाव बहिणीचं

मी निलगिरीच्या पानात गाठ करणारी माशी बोलतेय. मोहरीच्या दाण्याहून लहान आहे, पण मला क्षुल्लक म्हटलेलं खपत नाही. भलीभली झाडं मी खुरटवली आहेत. हल्ली मुक्काम काचेच्या कुपीत, स्पिरिटमध्ये. मेले, तरी संशय घ्यायची खोड काही गेली नाही.

आमच्या कुळात बाप नसतो. आई एकटीच अंडी घालते, लेकी निघतात त्या थेट आईच्या वळणावर. लोक म्हणतात, पुरुषाशिवाय घर चालत नाही. आम्ही समुद्र ओलांडून आलो आणि कुणाचं लग्न न लावता मुलूख भरून टाकला.

माझा जन्म एका बागायतदाराच्या, सगळे ज्याला दादा म्हणतात त्याच्या निलगिरीच्या बागेतला, फाटकाजवळच्या झाडावर. पानाच्या शिरेतली गाठ हीच माझी खोली. दादाची धाकटी बहीण पलीकडच्या उतारावर रोपवाटिका चालवते. नवरा गेल्यावर तिने ती एकहाती उभी केली. दादाने तिच्याकडचीच रोपं लावली होती, म्हणून झाडं खुरटू लागताच त्याने तिच्याकडे बोट दाखवलं. तिच्या रोपांवरही गाठी होत्याच. बागायतदारांच्या संघाने ठरवलं, दोन्हीकडची कीड तपासायची. एकाच वंशाची निघाली तर ती रोपांबरोबरच आली असं धरून रोपवाटिका जाळायची.

फांद्या कापून न्यायचं काम दादाने घेतलं. घरचाच माणूस, म्हणून बहीण हो म्हणाली. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

ऊन तापलं होतं. दादाने फाटकाजवळच्या झाडावरून एक पिशवी भरली. उतार उतरून पुन्हा चढायचा त्याला कंटाळा आला. कीड ती कीड, कुठलीही घ्या, सारखीच, असं पुटपुटत त्याने दुसरी पिशवीही त्याच झाडावरून भरली आणि तिच्यावर बहिणीचं नाव घातलं. त्या पिशवीत मी. माझी सख्खी बहीण पहिल्या पिशवीत.

दादा लबाड नव्हता हो. आळशी होता, आणि उत्तर आधीच ठरवून बसला होता. लबाड परवडला.

प्रयोगशाळेत मी गाठ पोखरून बाहेर आले, तोच तपासणाऱ्या बाईंनी मला स्पिरिटमध्ये बुडवलं आणि माझा एक पाय डीएनएसाठी तोडून घेतला. विचारलं कुणी? निकाल ऐकायला भाऊबहीण आले. वंश एकच, बाईंनी सांगितलं. दादाने मान डोलावली. बहीण खुर्चीवरून उठली नाही. माझ्या नावाच्या पिशवीतली पानं दाखवा, म्हणाली.

बाईंनी फांदी टेबलावर ठेवली. कोयत्यासारखी लांब, वाकडी पानं.

"दादा, माझी रोपं गुडघ्याएवढी. त्यांची पानं रुंद, गोलसर. हे मोठ्या झाडाचं पान आहे. कुठनं आणलंस?"

"अगं, पान ते पान."

"रोपवाटिकेत तू आला होतास का?"

दादा रुमालाने मान पुसत राहिला. बाईंनी दोन्ही पिशव्यांतली पानं शेजारी शेजारी मांडली, निकालाचा कागद फाडला आणि स्वतः उतारावर गेल्या.

तिथल्या गाठींतून निघालेल्या माश्या दिसायला माझ्यासारख्याच, पण वंश निराळा. रोपवाटिका वाचली. गाठी धरलेले शेंडे मात्र बहिणीने आपल्या हाताने खुडून जाळले. परकी असो की घरची, कीड तिला नकोच होती. मग प्रयोगशाळेत येऊन ती दादासमोर बसली. तुझ्या बागेत ही कुठून आली, एवढंच विचारलं.

दादाने रुमाल खिशात कोंबला. "रांगा भरायला रोपं कमी पडली होती. ओळखीच्याकडून टेम्पोभर आणली."

"मला नाही सांगितलंस?"

"तू बोलली असतीस."

"मग आता बोलू?"

ती बोलली नाही, उठून गेली. दादाला ते बोलण्याहून जास्त लागलं, हे मी कुपीतून पाहिलं.

माणसांनो, मला खुशाल शिव्या द्या, झाडं मी नासवली आहेत. पण माझी साक्ष काढून कुणाचं घर जाळणार असाल, तर आधी मला कुठल्या फांदीवरून तोडलंत ते विचारा. आणि जाता जाता ती शेजारची कुपी जरा लांब सरकवा. त्या रोपवाटिकेच्या वंशात म्हणे नरही असतात. त्यातलाच एक आत तरंगतोय, आणि मघापासून माझ्याकडेच बघतोय.