देवळाच्या खोलीतले सात दिवस

मित्रांनो, माझ्या काठाखालून बोट फिरवलंत तर छिन्नीने ठोकलेली अक्षरं हाताला लागतील, 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई'. पण मुंबईत राहणाऱ्या आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाने मला तिथे फक्त विकत घेतलं. रत्नागिरीपासून एसटीने दीड तासावर डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे. त्या वाडीच्या गावकीचा मी एक जुना तांब्याचा टोप आहे. आम्ही तिघं एकदमच आलो, थोरला, मधला आणि धाकटा. मी मधला. मधल्याकडे फारसं कोणाचं लक्ष नसतं, हे तुमच्यातल्या मधल्यांना मी वेगळं सांगायला नको.

तांबटाने मला ठोकून ठोकून आकार दिला. तेव्हा फार दुखलं, पण त्या ठोक्यांमुळेच मी इतकी वर्षं टिकलो. वाडीतलं लग्न असो, पूजा असो की कोणाचं बारावं, आम्ही तिघं चुलाणावर चढायचोच. माझ्यातली डाळ कधी तळाला लागत नसे. बायका भांडून मला आधी उचलायच्या. दरवर्षी शिमग्याच्या आधी कल्हईवाला यायचा आणि माझं पोट आतून चांदीसारखं उजळून जायचा. तेव्हा मला थोडा गर्वही झाला होता, हे कबूल करतो.

मग केटरर आले. त्यांची स्टीलची भांडी टेम्पोतून यायची आणि टेम्पोतूनच जायची. कल्हईवाल्याचं येणं थांबलं. थोरल्याचा तळ फुटला आणि तो मोडीत गेला. धाकटा एका लग्नाला म्हणून गेला तो परतलाच नाही. तो कोणाच्या घरी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलत कोणी नाही. मला देवळाच्या बाजूच्या खोलीत ढोलांशेजारी पालथा घातला. आत हिरवे डाग पडले. अकरा पावसाळे मी तसाच होतो.

त्या काळात वाडीही रिकामी होत गेली. पोरं मुंबईला, सुना मुंबईला. घराघरात एकेक म्हातारं माणूस उरलं. आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स श्रद्धाताईंनी एकदा सगळ्यांना वजनकाट्यावर उभं केलं, तर जवळजवळ प्रत्येकाचं वजन कमी भरलं. म्हाताऱ्यांना मोठा आजार नव्हता. एकट्यासाठी काय रांधायचं, म्हणून ते बहुतेक दिवस रांधतच नव्हते. चहा, बेकरीतलं कडक बटर आणि कधी सकाळचा उरलेला भात, एवढ्यावर दिवस ढकलत होते. श्रद्धाताईंनी मंडळाच्या मागे लागून रोज दुपारची एक पंगत सुरू केली. रांधायला कमळाबाई पुढे आल्या. त्यांचीही मुलं मुंबईलाच होती. मला रत्नागिरीला नेऊन कल्हई करून आणली. त्या दिवशी मला किती आनंद झाला ते शब्दांत सांगता येणार नाही.

एकोणीस म्हातारी माणसं पंगतीला बसायची. मऊ भात, घट्ट डाळ, शेवग्याचा पाला, कुळथाचं पिठलं, नाचणीची आंबील. मीठ मात्र बेतानेच. त्यावरून जनीआजी रोज कुरकुर करायच्या, आणि रोज दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या.

या पंगतीत धाकूआजोबा होते. बायको गेल्यापासून त्यांनी चूल जवळजवळ सोडलीच होती. पहिल्या दिवशी काट्याने त्यांचं वजन एकोणचाळीस किलो दाखवलं. ते केरूआजोबांच्या शेजारी बसायचे. केरू आल्याशिवाय धाकू भाताला हात लावायचे नाहीत, आणि केरू मुद्दाम उशीर करायचे. मग दोघं जेवण संपेपर्यंत भांडायचे. कोणाचा बैल जास्त चालायचा, कोणाच्या आंब्याला आधी मोहोर यायचा, असलं काहीतरी. पाच महिन्यांत धाकूआजोबा चव्वेचाळीस किलोचे झाले. श्रद्धाताईंनी आकडा दोनदा वाचून दाखवला. कमळाबाईंनी माझ्या काठावर पळी वाजवली.

मग एका पहाटे केरूआजोबा झोपेतच गेले.

मित्रांनो, आमची सगळी वाडी म्हणजे एकच भावकी. एक माणूस गेलं की सगळ्या घरांना दहा दिवस सुतक. सुतकात देवळाची पायरी चढायची नाही. आणि पंगत बसायची देवळाच्या सभामंडपात, मी राहायचो देवळाच्या खोलीत. कमळाबाईही भावकीतल्याच. त्यामुळे केरूआजोबांचं मयत झालं त्याच दिवशी पंगत बंद पडली. कोणी मुद्दाम बंद केली नाही. 'धा दिवस तर हायत,' एवढंच सगळे म्हणाले. ज्याच्या त्याच्या घरी चूल आहे, तांदूळ आहे, मग काळजी कसली, असं वाटलं सगळ्यांना. मलाही तसंच वाटलं. रोज सकाळी रावजी गुरव दिवाबत्तीला यायचे. ते भावकीबाहेरचे, म्हणून त्यांना सुतक नव्हतं. देवापुढे दिवा लावून ते निघून जायचे. मी पालथा पडून दहा दिवस संपायची वाट बघत होतो.

सातव्या दिवशी देवळाच्या आवाराबाहेरून कमळाबाईंची हाक आली.

"रावजीनू! ओ रावजीनू!"

"काय गो कमळा? आत येव नको हां."

"आत नाय येत. हितूनच सांगतंय. मी आता धाकूदादांकडं गेलंवते. चुलीत राख हाय ती पण थंडगार. मांजर झोपलाय चुलीत."

रावजी गुरव देवळाच्या पायऱ्या उतरून पुढे आले.

"आणि त्यांच्या विनीतचा फोन आला माझ्यासमोर. 'बाबा, जेवलात का?' तर म्हणतात, 'जेवलंव रे, पोटभर जेवलंव.' मी बघतंय तर पुढ्यात काळा चहा! सात दिस झाले, रावजीनू. सात दिस ह्यो माणूस पोराला खोटा सांगतोय, आणि आमी सुतक पाळताव."

रावजी खोलीच्या दाराशी आले ते मला फटीतून दिसलं. त्यांनी कमरेची किल्ली काढली. मग म्हणाले, "तुमाला देवळात यायचा नाय. पण ह्या टोपाला कुणाचा सुतक?"

त्यांनी दार उघडलं, मला खांद्यावर घेतलं आणि आवाराबाहेर कमळाबाईंच्या पायाशी आणून ठेवलं. मला अतिशय लाज वाटली. इतकी वर्षं मी गावकीचा टोप म्हणून मिरवलो, आणि गावातलं माणूस उपाशी असताना ढोलांशेजारी पडून राहिलो. मला पाय नाहीत हे खरं आहे, पण ज्यांना पाय होते त्यांचंही तेच झालं होतं.

त्या दुपारी कमळाबाईंच्या घरापुढच्या खळ्यात तीन दगड मांडले आणि मी त्यावर चढलो. अठरा म्हातारी माणसं आली. धाकूआजोबांना दोघांनी धरून आणलं. ते बसले, ताटाकडे बघितलं, मग शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. हात काही पुढे जाईना. तेव्हा जनीआजी उठल्या, आपलं ताट घेऊन त्या रिकाम्या जागी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "जेव रे धाकू. आज पण आळणीच हाय."

धाकूआजोबांनी चार घास खाल्ले. पाचवा त्यांना गेला नाही.

दुसऱ्या दिवशी काट्याने त्यांचं वजन चाळीस दाखवलं. श्रद्धाताईंनी त्यांना रत्नागिरीच्या दवाखान्यात नेलं. तिथून ते परत आले, आता खळ्यातच बसणाऱ्या पंगतीत जेवू लागले, थोडं थोडं बोलूही लागले. पण अंगात पुन्हा जोर आला नाही. महिन्याभराने तेही गेले. लोक म्हणाले, वय झालं होतं. असेलही. ब्याऐंशी वर्षं म्हणजे काही कमी नाहीत. पण पाच महिन्यांत कमावलेलं जवळजवळ सगळं सात दिवसांत गेलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ते मला विसरता येत नाही.

पुन्हा सगळ्या वाडीला सुतक आलं. मयताहून माणसं परतली, आंघोळी झाल्या. भावकीतला एक जाणता माणूस कमळाबाईंच्या खळ्याशी येऊन घुटमळला. "आज तरी ऱ्हावंदे गो," तो म्हणाला.

"सुतक मी पाळतंय," कमळाबाई म्हणाल्या, "देवळात जाणार नाय, गोड करणार नाय. पण भूक काय सुतक पाळते व्हय?" आणि त्यांनी माझ्याखाली काटक्या सरकवल्या.

तो माणूस वळून गेला आणि पाण्याची कळशी घेऊन आला.

त्या दिवशी विनीतही पंगतीला बसला. मुंबईहून रात्रभर प्रवास करून आला होता, बापाला अग्नी देऊन आला होता. कमळाबाईंनी त्याला भात वाढला. तो म्हणाला, "काकी, मी रोज विचारायचो हो. एक दिवस चुकवला नाही. बाबा रोज जेवलो म्हणायचे." कमळाबाईंनी त्याला डाळ वाढली आणि त्या त्याच्या शेजारी बसल्या.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, कल्हई करा, हे सगळं मी सांगणार होतो. पण ते राहू द्या. तुमच्या घराजवळ एखादं म्हातारं माणूस एकटं राहत असेल. तुम्ही विचाराल तर ते हसून 'जेवलो' असंच म्हणेल. त्याला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही पुढे जाल. जाऊ नका. आपलं ताट घ्या, त्याच्या घरी जा, आणि 'मला एकट्याला जेवण जात नाही' असं सांगून त्याच्याजवळ बसा.