देवी माहेरी निघाली, पण कुठल्या रस्त्यानं?

त्से-आनला पेई-लानशी लग्न करायचं होतं, आणि त्यासाठी आधी गाडी चालवायची होती.

पेई-लानचे वडील, छ्यू काका, स्पष्टच म्हणाले होते, "माणूस गाडी कशी हाकतो त्यावरून संसार कसा हाकेल ते कळतं. आम्हाला ताइतुंगला घेऊन चल. पोचल्यावर हो की नाही ते सांगतो." तेव्हापासून ते त्याला नावानं हाक मारत नव्हते. 'ए ड्रायव्हर' म्हणत होते.

जायचं होतं देवीसाठी. काकांच्या घरातली मात्सूदेवी, म्हणजे समुद्राच्या देवीची वीतभर उंचीची मूर्ती, वर्षातून एकदा ताइतुंगच्या मोठ्या देवळात माहेरपणाला जायची. देवी झाली म्हणून काय झालं, माहेर कुणाला सुटलंय?

पण त्यांच्या ह्वालिएनहून ताइतुंगला रस्ते दोन. एक खोऱ्यातून, भातशेतीच्या कडेनं. दुसरा समुद्राला खेटून. मधे डोंगरांची लांबच लांब भिंत. त्यात काका छिशांगचे, म्हणजे भातवाले, आणि काकू छेंगकुंगच्या, कोळ्यांच्या घरातल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी जास्त देखणा रस्ता कोणता, हा वाद काही मिटला नव्हता.

निघायच्या दिवशी सकाळी काकांनी त्से-आनला स्कूटरींच्या आडोशाला ओढलं. "खोऱ्यातून घे. तुझं काम झालं समज."

पाठोपाठ काकूंनी त्याच्या हातात सोयादुधाचा पेला दिला. "समुद्रानं न्यायचं हं. नाहीतर पेई-लानला दंतवैद्याचं स्थळ आलंय, तेही वाईट नाही."

त्से-आन पेला घेऊन थेट पेई-लानकडे गेला. शेवटी पेई-लानच म्हणाली, "बाबा, देवीलाच विचारा ना."

काकांनी चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाल लाकडी तुकडे ओंजळीत धरले. एक उताणा, एक पालथा पडला की देवीचं 'हो'. दोन्ही पालथे म्हणजे 'नाही'. दोन्ही उताणे पडले, तर देवी हसतेय.

"आई, खोरं की समुद्र?" काकांनी तुकडे टाकले.

दोन्ही उताणे. देवी हसली.

पुन्हा टाकले. देवी पुन्हा हसली. तिसऱ्यांदा तर एक तुकडा बराच वेळ डुलत राहिला आणि मगच उताणा झाला. जणू देवीला हसू आवरत नव्हतं.

"काका," त्से-आन हळूच म्हणाला, "देवीला 'हे की ते' विचारायचं नसतं. 'हो की नाही' असंच विचारायचं असतं."

"मला शिकवतोस, ड्रायव्हर?" काका गुरगुरले. पण पुढचा प्रश्न त्यांनी नीट विचारला. "खोऱ्यातून जाऊ?" नाही. काकूंचा चेहरा खुलला. "मग समुद्रानं?" तेही नाही.

"म्हणजे निम्मं निम्मं," पेई-लाननं निकाल लावला. "युलीपर्यंत खोरं. तिथून बोगद्यानं पलीकडे, मग समुद्र."

देवीला पुढच्या सीटवर बसवलं. तिचा पट्टा लावला, नाहीतर गाडी पीं पीं करत राहते. ऊन लागू नये म्हणून काकूंनी सीटवरच पिवळी छत्री उघडून बांधली. मागे तिघं दाटीवाटीनं बसली आणि काका खिडकीतून प्रत्येक शेताचं असं कौतुक करू लागले की जणू ते त्यांनीच आत्ता हिरवं रंगवलंय. काकूंनी युलीपर्यंत डोळे मिटून घेतले.

युलीत नूडल्सच्या दुकानात सगळे उतरले. तापल्या गाडीत देवीला कसं ठेवायचं, म्हणून काकूंनी छत्री तशीच ठेवून तिला पट्ट्यातून अलगद काढून आत नेलं, कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं, तिच्यासमोर वेगळा वाडगा ठेवला. आणि मग काका म्हणाले, "छिशांग आता इतकं जवळ आलंय..."

"शब्द दिला होतात!"

"बघून तर जाऊ. भात कापणीला आलाय."

"मग भाताशीच लग्न करायचं होतंत!"

काकू रागानं निघाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. त्यांच्यामागे पेई-लान, तिच्यामागे तोंड फुगवून काका. त्से-आननं कुणाकडे न बघता गाडी बोगद्याच्या रस्त्याला लावली. अख्खा बोगदा तो मनातल्या मनात छत्रीकडे बघून प्रार्थना करत होता, 'आई, एवढं लग्न जमव. छत्री नवी घेऊन देईन.'

बोगदा संपला. वळणांखाली निळाशार समुद्र उघडला. काकूंनी हरखून हात पुढे केला आणि छत्री बाजूला सारली. "बघ गं आई, तुझा समुद्र..."

पट्टा होता. देवी नव्हती.

त्से-आननं करकचून ब्रेक दाबला. काकांना वाटलं होतं काकूंनी घेतली. काकूंना वाटलं काकांनी. त्से-आन मात्र अख्खा डोंगर ओलांडेपर्यंत एका छत्रीला नवस बोलत आला होता.

"वळव रे, ड्रायव्हर," काका म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. काकूंनी त्यांचा हात धरला. त्या दिवशी दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

परत पोचले तर दुकानासमोर रांग. देवीपुढे उदबत्त्या, पेरू, संत्री. एका बाईनं तर सुनेची तक्रारही करून टाकली होती. दुकानाची मालकीण जाडजूड होती आणि झारा हातातच होता.

"देणार नाही," ती म्हणाली. "देवी स्वतःहून राहिलीये. तिला विचारा, यायचंय का."

काकांनी खिशातून तुकडे काढून टाकले. "आई, चलतेस?" दोन्ही उताणे. रांगेतले लोकही हसले.

"प्रश्न चुकतोय," त्से-आन म्हणाला. त्यानं तुकडे घेतले आणि गुडघे टेकले. "आई, हे दोघं भांडणार नसतील, तर चलशील?"

एक उताणा, एक पालथा.

"ऐकलंत?" मालकिणीनं झारा उगारला.

काका-काकू गरीब कोकरांसारखे गाडीत बसले. देवी पट्ट्यात. त्से-आननं या वेळी छत्रीखाली वाकून खात्री केली. मग काका मऊ आवाजात म्हणाले, "समुद्रानंच जाऊ. हिला छेंगकुंगचा मासा खायचाय."

"छे, मला छिशांगचा भातच खायचाय," काकू म्हणाल्या.

"मी म्हणतो समुद्र!"

"मी म्हणते भात!"

दारातून मालकीण ओरडली, "देवीला ऐकू जातंय हो!"

काका दचकले. पुढे वाकून कुजबुजले, "आता तुम्हीच काय ते ठरवा, जावईबापू."

पेई-लान आणि काकू एकदम काकांकडे वळल्या. काकांचे कान लाल झाले. "म्हणजे... ड्रायव्हर म्हणायचं होतं."

"बोललात ते बोललात," काकू म्हणाल्या. "तेही देवीसमोर."

"मला कुणी विचारणार आहे का?" पेई-लाननं विचारलं.

त्से-आन मागे वळला. आता प्रश्न नीट विचारायचा, हे तो शिकला होता. "पेई-लान, माझ्याशी लग्न करशील?"

"हो. आता गाडी चालू कर."

त्यानं किल्ली फिरवली. "जाताना समुद्र," तो म्हणाला, "आणि येताना भात. परत यायचंच आहे ना आपल्याला?"

मागे तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. परतीचा प्रवास कुणाच्या डोक्यातच आला नव्हता.

"हे सकाळीच का नाही बोललास?" काकांनी विचारलं.

"कुणी विचारलंच नाही, काका."

गाडी पुन्हा बोगद्याकडे वळली. काकूंनी मागे पडलेल्या शेतांकडे वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "पण काय हो, जाताना भात आणि येताना समुद्र का नको?"

पुढच्या सीटवर छत्री हलली. रस्ता खडबडीत होता म्हणून असेल. पण त्से-आनची खात्रीच होती, की देवी हसत होती.